खरी ‘येनूफा’ कोणती? रचना, तिची साधनं आणि संगीतकाराची संमती

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी आपण एक प्रश्न अर्धवट सोडला होता. कलाकृती म्हणजे नक्की काय? चित्राच्या बाबतीत उत्तर सोपं वाटतं, ते भिंतीवर टांगलेलं असतं. संगीतरचना कुठे असते? कागदावर? वादकांच्या हातात? ऐकणाऱ्याच्या कानात? आज हा प्रश्न हवेत ठेवायचा नाही, एका उदाहरणाला बांधून घ्यायचा. उदाहरण चेक संगीतातलं आहे. लेओश यानाचेक या संगीतकाराचा ‘येनूफा’ नावाचा ऑपेरा.

आधीच सांगून टाकतो, आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, संगीत नव्हे. या विषयाकडे आम्ही आलो ते एका ध्वनिमुद्रणामुळे. चार्ल्स मॅकेरास यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिक घेऊन 1982 मध्ये ‘येनूफा’ ध्वनिमुद्रित केला. ऑपेरा संपतो, आपण सुन्न होऊन बसलेले असतो, आणि त्यानंतर तोच शेवटचा प्रवेश पुन्हा ऐकू येतो, पण वेगळा! परिशिष्ट म्हणून जोडलेला. पहिल्यांदा ऐकताना वाटलं, यंत्रात काही बिघाड झाला. मग सोबतची पुस्तिका वाचली. जगभर पन्नास-साठ वर्षं लोकांनी जो शेवट ऐकला, डोळे पुसले, ज्यावर लिहिलं, त्याचा वाद्यमेळ यानाचेकचा नव्हता, दुसऱ्या माणसाचा होता. तर मग लोक कशावर रडले? हा आजचा विषय.

‘साधन’ या शब्दाचे दोन अर्थ

संगीताचे अभ्यासक एखाद्या रचनेच्या ‘साधनांचा’ अभ्यास करतात, असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे रचना कशातून आली: नाटक, लोकगीत, बोलीभाषा, कुणाचं तरी दुःख. याला आपण उगम म्हणू. दुसरी म्हणजे रचना आपल्यापर्यंत कशावरून पोचली: हस्तलिखित, नक्कल, वादकांच्या सुट्या वह्या, छापील प्रत. याला आपण पाठ म्हणू. उगम रचनेच्या मागे असतो, पाठ रचना आणि आपण यांच्या मध्ये असतो. ही दोन टोकं वेगळी ठेवली नाहीत की घोटाळा होतो.

घोटाळ्याचा एक नमुना बघा. द्व्होर्झाकची ‘नव्या जगातून’ ही सिंफनी 16 डिसेंबर 1893 ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. तिच्या संथ भागात कॉर आँग्ले या वाद्यावर एक सुरावट येते, फार प्रसिद्ध आहे. पुष्कळ लोक अगदी खात्रीने सांगतात की ती कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या एका भक्तिगीतावरून घेतली आहे, ते गीत आजही गायलं जातं. गीत गायलं जातं हे खरं. पण ते शब्द द्व्होर्झाकचा विद्यार्थी विल्यम आर्म्स फिशर याने त्या सुरावटीवर बसवले, आणि ते छापले गेले 1922 मध्ये. म्हणजे सिंफनीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, द्व्होर्झाकच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी. इथे नातवाला आजोबा ठरवलंय! द्व्होर्झाकने ती भक्तिगीतं ऐकली होती, त्यांचं त्याला अप्रूप होतं, यात शंका नाही. पण ‘प्रभाव होता’ हे एक विधान आणि ‘ही चाल तिथून उचलली’ हे दुसरं. दुसऱ्याला पुरावा लागतो, आणि पुराव्यातली पहिली गोष्ट म्हणजे तारीख.

येनूफा कशातून आली

आता आपल्या ऑपेराकडे येऊ. गाब्रिएला प्रायसोवा या लेखिकेचं एक नाटक 1890 मध्ये प्रागच्या रंगभूमीवर आलं. नावाचा अर्थ होतो ‘तिची सावत्र मुलगी’. चेकमध्ये ऑपेराचंही नाव तेच आहे, ‘येनूफा’ हे नाव बाहेरच्या जगात रुळलं. ‘तिची’ म्हणजे कोणाची? कोस्तेल्निचकाची. ही गावच्या देवळाची व्यवस्था पाहणारी विधवा, करारी, सगळ्यांना जिचा धाक आहे अशी बाई. तिची सावत्र मुलगी येनूफा श्तेवा नावाच्या देखण्या, दारुड्या गिरणीमालकाच्या प्रेमात पडते आणि लग्नाआधी गरोदर राहते. श्तेवाचा सावत्र भाऊ लात्सा तिच्यावर जीव टाकतो, आणि त्याच त्वेषात तिच्या गालावर सुरीचा वार करतो. मूल होतं, श्तेवा पाठ फिरवतो. सावत्र मुलीची अब्रू वाचवायची म्हणून कोस्तेल्निचका ते तान्हं बाळ नेऊन बर्फाखालच्या पाण्यात सोडते. वसंतात बर्फ वितळतं. येनूफा आणि लात्साच्या लग्नाच्या दिवशी बाळाचा देह सापडतो.

यानाचेकने हे गद्य नाटक कापून घेतलं, पण त्याची पद्यं केली नाहीत. मोराव्हियाच्या खेड्यातली बोली तशीच गायला लावली. त्या काळी हे धाडस होतं. 1890 च्या दशकाच्या अखेरीपासून तो एक वही बाळगायचा, आणि बाजारात, स्टेशनवर, रस्त्यात माणसं जे बोलतात त्याचे चढउतार स्वरलिपीत टिपून ठेवायचा. ‘बोलण्याच्या सुरावटी’ म्हणा. त्याची मुलगी ओल्गा विसाव्या वर्षी, फेब्रुवारी 1903 मध्ये गेली. तिच्या अखेरच्या दिवसांतलं बोलणंसुद्धा त्याने असंच टिपलं. आपल्याला हे अमानुष वाटेल. आम्हालाही बरीच वर्षं वाटलं. पण ज्याच्यापाशी धरून ठेवायला दुसरं काही उरलेलं नाही, तो माणूस हाताशी असलेल्या साधनानेच धरून ठेवणार. ऑपेरा त्याने ओल्गाच्या स्मृतीला अर्पण केला.

इथेही अभ्यासकाने जपून बोलायला हवं. वहीतले तुकडे उचलून ऑपेरात चिकटवले, असं झालेलं नाही. वही हा कानाचा रियाज होता. तसंच लोकगीतांचं. रंगरूटांचं गाणं, लग्नातलं गाणं यांचे शब्द लोकपरंपरेतले आहेत, पण चाली आपल्या स्वतःच्या आहेत हे यानाचेकने ठासून सांगितलं. ज्याने मोराव्हियाची लोकगीतं गावोगाव हिंडून गोळा केली, त्याला चाल उचलण्याची गरज नव्हती. ती घडण त्याच्या अंगात भिनली होती.

येनूफा कशावरून पोचली

आता पाठ. ऑपेराचा पहिला प्रयोग ब्रनो शहरात 21 जानेवारी 1904 ला झाला. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने तो आधीच नाकारला होता. तिथला ऑपेराप्रमुख कारेल कोवार्झोविच स्वतः संगीतकार होता, आणि 1887 मध्ये यानाचेकने त्याच्या एका ऑपेरावर फार बोचरं परीक्षण लिहिलं होतं. नकाराचं कारण तेवढंच होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ते परीक्षण कोवार्झोविच विसरला असेल, असं मानणंही भोळेपणाचं होईल.

प्रयोगांनंतर यानाचेकने स्वतः बरेच बदल केले, काटछाट केली. 1908 मध्ये ब्रनोतल्या कलाप्रेमींच्या एका मंडळाने पियानोच्या साथीची प्रत छापली. पुढे प्रागमधल्या काही हितचिंतकांनी कोवार्झोविचचं मन वळवलं. तो तयार झाला, पण एका अटीवर: ऑपेरावर तो स्वतः हात फिरवणार. यानाचेकने मान्य केलं. 26 मे 1916 ला प्रागमध्ये प्रयोग झाला, आणि साठीपार गेलेला एक प्रांतिक संगीतशिक्षक काही महिन्यांत देशभर गाजला. 1918 मध्ये व्हिएन्ना, मग जर्मनी. माक्स ब्रोडने जर्मन भाषांतर केलं, व्हिएन्नाच्या प्रकाशकाने छापलं. काय छापलं? कोवार्झोविचने हात फिरवलेली प्रत. जगाला मिळाली ती हीच येनूफा.

मूळ हस्तलिखित काढून बघायचं म्हटलं, तर ते नाही. यानाचेकने स्वतःच ते नष्ट करवलं! उरली ती श्ट्रॉस नावाच्या नकलनिसाने केलेली नक्कल. तिच्यावर 1903 चा मूळ थर आहे, त्यावर यानाचेकच्या दुरुस्त्या आहेत, त्यावर कोवार्झोविचच्या. खरवडलेली जागा, चिकटवलेली चिठ्ठी, मागाहून लिहिलेला स्वर, सगळं एकाच पानावर. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या भिंतीवर चुन्याचे हात चढतात ना, तसं. कुठला हात कुठल्या साली दिला हे कसं ओळखायचं?

इथे वादकांच्या सुट्या वह्या कामाला येतात. पूर्ण प्रतीत सगळी वाद्यं एकाखाली एक लिहिलेली असतात, पण बासरीवाल्यापुढे फक्त बासरीची वही असते. ब्रनोच्या प्रयोगासाठी या वह्या नकलेवरून उतरवल्या होत्या. पूर्ण प्रतीत खरवडून गेलेला स्वर वहीत खाली जिवंत असू शकतो. आणि 1908 ची छापील प्रत ही तारखेची खुंटी आहे. जी गोष्ट तिच्यात आहे ती कोवार्झोविचची असू शकत नाही. मात्र ही खुंटी सुरावटी, शब्द आणि काटछाट यांच्यापुरतीच. कुठलं वाद्य काय वाजवतं हे पियानोच्या प्रतीत कळत नाही, त्यासाठी पुन्हा नक्कल आणि वह्या यांच्याकडेच यावं लागतं. अशा तिहेरी ताळ्यावरून जॉन टिरेल आणि मॅकेरास यांनी 1908 च्या सुमाराची येनूफा पुन्हा उभी केली, ती 1996 मध्ये छापली गेली. मार्क ऑडस यांनी याच मार्गाने आणखी मागे जाऊन 1904 ची येनूफा उभी केली. म्हणजे आज आपल्यापुढे तीन येनूफा आहेत.

फरक पडतो का?

तुम्ही विचाराल, सामान्य श्रोत्याला यात काय? दोन जागा सांगतो.

पहिली जागा शेवट. बाळाचा देह सापडला आहे, कोस्तेल्निचकाने गुन्हा कबूल केला आहे, येनूफाने तिला क्षमा केली आहे. गाव पांगतं. रंगमंचावर दोघंच उरतात. येनूफा लात्साला म्हणते, तू जा, माझ्यापायी तुझं आयुष्य का खराब करतोस? तो जात नाही. कोवार्झोविचने इथे वाद्यमेळ भरदार केला. तंतुवाद्यांच्या सुरावटीमागोमाग पितळी वाद्यं तीच सुरावट म्हणत येतात, सगळं भव्य होतं. ऐकायला सुंदर आहे, नाही म्हणायचं नाही. पण तो विजयाचा शेवट होतो. यानाचेकचा शेवट त्याहून उघडा, कडा न घासलेला आहे. त्यात दोन माणसं आहेत, ज्यांचं फार काही गेलेलं आहे आणि जी तरीही एकत्र राहायचं ठरवतात. क्षमा हा विजय आहे की एक कठीण, रोज करायची गोष्ट आहे? तत्त्वज्ञानाच्या वर्गात यावर तासन्‌तास बोलता येतं. इथे तो फरक कुठली वाद्यं वाजणार एवढ्यावर येऊन ठेपतो.

दुसरी जागा पहिल्या अंकातली. कोस्तेल्निचका श्तेवा आणि येनूफाच्या लग्नाला एक वर्षाची अट घालते: वर्षभर दारू पिऊ नकोस, मग बघू. ती इतकी कठोर का? 1904 मध्ये तिच्या तोंडी एक मोठं गाणं होतं, त्यात ती सांगते की तिचा नवराही असाच सोनेरी केसांचा, देखणा होता, आणि दारूत त्याने सगळं उडवलं, तिला मारलं. तो श्तेवाचा काकाच. नंतरच्या काटछाटीत हे गाणं गळलं. गाणं असेल तर आपल्याला एक पोळलेली बाई दिसते, जी सावत्र मुलीला आपल्या नशिबातून वाचवू बघते. गाणं नसेल तर नुसती कडक बाई. पुढे दुसऱ्या अंकात ती जे करते, त्याचा आपला निवाडा या एका गाण्यावर हलतो. आणि लक्षात घ्या, हे गाणं कोवार्झोविचने काढलेलं नाही, ते यानाचेकच्याच फेरबदलांत गेलं. म्हणजे ‘बाहेरच्याने बिघडवलं, मूळ ते शुद्ध’ असा सोपा न्यायही इथे चालत नाही.

तिसरी गोष्ट विश्लेषणाची. यानाचेकला वाद्यमेळ लिहिता येत नाही, तो ओबडधोबड आहे, हे मत बराच काळ प्रचलित होतं. हात फिरवलेली प्रत त्या मतातून निघाली, आणि मग त्याच प्रतीने ते मत टिकवलं, कारण मूळ कोणाला ऐकूच आलं नाही. तर्कशास्त्रात याला चक्रक दोष म्हणतात. पाठ तपासल्याशिवाय विश्लेषण करणारा माणूस एकाच्या लेखणीवरून दुसऱ्याच्या स्वभावाचं निदान करतो.

संमतीचं काय?

आता खरा पेच. कोवार्झोविचचे बदल यानाचेकने मान्य केले होते. मग आपण कोण ते पुसणारे?

आधी ती संमती कशी होती ते बघा. बारा वर्षं दार बंद. एकुलती एक उरलेली मुलगी गेलेली. समोर प्रागचं नाट्यगृह, आणि अट एकच. ‘हो’ म्हणणारा माणूस मोकळा होता का? जबरदस्ती कोणी केली नाही. पण ज्याला दुसरा रस्ताच नाही त्याच्या ‘हो’चं वजन, ज्याला चार रस्ते आहेत त्याच्या ‘हो’इतकं धरता येत नाही. पुढे कोवार्झोविचच्या बदलांबद्दल, त्यांच्या मानधनाच्या वाट्याबद्दल वाद झाले, आणि यानाचेकची नाराजी बाहेर आली.

दुसरी बाजूही तितकीच मांडली पाहिजे. कोवार्झोविचने हात फिरवला नसता तर 1916 झालं नसतं. 1916 झालं नसतं तर शेवटच्या बारा वर्षांतले ‘कात्या काबानोवा’, ‘धूर्त कोल्ही’ हे ऑपेरा झाले असते का? उत्तर कोणी देऊ शकत नाही. तेव्हा कोवार्झोविचला खलनायक करू नका.

मृतांना तर संमतीही देता येत नाही. यानाचेक 12 ऑगस्ट 1928 ला गेला. दोस्तोएव्हस्कीच्या तुरुंगवासाच्या आठवणींवरचा त्याचा शेवटचा ऑपेरा टेबलावर होता. त्याने छापील रेघांचे कागद टाकून कोऱ्या कागदावर लागतील तेवढ्याच रेघा स्वतः आखल्या होत्या, म्हणून पानं रिकामी रिकामी दिसायची. शिष्यांना वाटलं, काम अपुरं राहिलं. बाकाला आणि ख्लुब्ना यांनी प्रेमाने, गुरुऋण म्हणून, वाद्यमेळ भरला, आणि शेवट बदलून स्वातंत्र्याचं समूहगान घातलं. यानाचेकच्या कागदावर शेवट असा आहे: एक कैदी सुटतो, पहारेकरी बाकीच्यांना पुन्हा कामाला हाकतात. बस. शिष्यांना गुरूची रिकामी जागा ही उणीव वाटली, तिचाही काही अर्थ असेल हे लक्षात आलं नाही. प्रेमसुद्धा पाठ बिघडवतं, मंडळी.

प्राग आणि महाभारत

याच प्रागमध्ये मोरिझ विंटरनिट्स हे संस्कृतचे पंडित जर्मन विद्यापीठात शिकवत होते. महाभारताची चिकित्सित आवृत्ती व्हावी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपात सगळ्यात चिकाटीने बोलणारे ते. ते काम शेवटी 1919 मध्ये आपल्या पुण्यात, भांडारकर संस्थेत सुरू झालं आणि 1966 मध्ये पुरं झालं. त्या आवृत्तीचं पान डोळ्यांसमोर आणा. वर स्वीकारलेला पाठ, खाली पाठभेद. वरचा पाठ निवडला म्हणून खालचे जाळले नाहीत. शतकानुशतकं लोकांनी जे श्लोक म्हटले ते मुळात नसतील, पण ते लोकांनी म्हटले हे खरंच आहे ना? ते खालच्या ओळीत राहतात.

येनूफाच्या तीन आवृत्त्यांकडे आपण असंच बघावं असं आम्हाला वाटतं. एका बाबतीत मात्र दोन्हीकडे फरक आहे. तिथे हात अनेक आणि नावं पुसट. इथे कोणाचा हात कुठला हे सांगता येतं, आणि म्हणूनच सांगितलं पाहिजे. प्रयोग कोणताही करा, पण पत्रिकेवर लिहा की हा कोणाचा आहे. मॅकेरास यांनी 1982 मध्ये हेच केलं. यानाचेकचा शेवट मुख्य ठेवला आणि दुसरा परिशिष्टात दिला. पाठभेद वाद्यमेळात वाजवून दाखवणं याहून प्रामाणिक काय असेल?

घरी रचना ऐकताना तीन प्रश्न जवळ ठेवा. ही कशातून आली? ही माझ्यापर्यंत कोणाच्या हातातून आली? आणि त्या प्रत्येक हाताला तसं करायचा अधिकार कोणी दिला?

*श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग जे लोक साठ वर्षं कोवार्झोविचच्या शेवटाला रडले, ते फसले का?*

नाही. रडणं खोटं ठरत नाही. बाळ गेलं, आईने क्षमा केली, लात्सा थांबला, हे सगळं दोन्हींत आहे, आणि ते यानाचेकचं आणि प्रायसोवाबाईंचं आहे. फसवणूक रडणाऱ्याची झालेली नाही. झाली असेल तर यानाचेकची, कारण त्याच्या नावावर दुसऱ्याचं काम चाललं आणि त्याचं स्वतःचं, ते ओबडधोबड म्हणून, कपाटात राहिलं. ते आता बाहेर आलंय. दोन्ही शेवट एका बैठकीत ऐका, आणि कुठल्या शेवटानंतर तुम्हाला लगेच बोलावंसं वाटतं आणि कुठल्यानंतर बोलावंसं वाटत नाही, ते पुढच्या वेळी येऊन सांगा. तिथून पुढे जाऊ.